आरोग्य पत्रकारितेत नाव आणि पुरस्कार मिळवायचे तर कुठला कोर्स करावा?

(प्रश्न असा होता: बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, घर ठाण्यात आहे. आरोग्य-विज्ञान पत्रकारितेत नाव कमवायचंय, पुरस्कार मिळवायचेत. काय शिकू?)

कोर्सचं नंतर बोलू. आधी पुरस्कार कशाला मिळतो ते बघा. अमेरिकी पत्रकार लॉरी गॅरेट यांना 1996 चं पुलित्झर (अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार) मिळालं ते झाईरमधल्या (आताचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक) 1995 च्या इबोला साथीवरच्या लेखनासाठी. इबोला तेव्हा जगभरच्या मथळ्यांत होता. पण किक्वित शहरात साथ भडकली ती रुग्णालयातून: हातमोजे, गाऊन यांची वानवा, आणि शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाकडून डॉक्टर-नर्सना लागण. किती दगावले हे कुणीही लिहितो. आजार कुठल्या वाटेनं पसरला हे शोधून लिहिणाऱ्याचं काम परीक्षकांच्या लक्षात राहतं.

ती वाट शोधायला तुम्हाला आफ्रिकेत जायला नको, ठाण्यातला डेंग्यू पुरे आहे. दर पावसाळ्यात तीच बातमी येते. समजा, खासगी लॅब म्हणते साठ पेशंट, महापालिका म्हणते चार. मथळा तयार: पालिका आकडे लपवते. या बातमीवरून एका डेस्कप्रमुखांशी माझा वर्षानुवर्षं वाद होता. ते म्हणत, दोघांतला एक खोटं बोलतोय, त्याला पकडा. मी म्हणत आलो की दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि बातमी त्यांच्या फरकात आहे.

फरक कुठून येतो ते नीट समजून घ्या. लॅबमध्ये बहुतेक वेळा कार्डवरची रॅपिड टेस्ट होते, अर्ध्या तासात निकाल. डेंग्यू नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीनं पक्की झालेलीच केस धरतात: तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (विषाणूचं प्रथिन) शोधणारी एलायझा, त्यानंतर आयजीएम (शरीरानं बनवलेलं प्रतिपिंड) शोधणारी एलायझा. कार्ड पॉझिटिव्ह आलेला माणूस तोवर संशयितांच्या रकान्यात राहतो. एलायझाच्या प्लेटला 96 खळगे असतात, दोन-चार नमुन्यांसाठी कुणी प्लेट लावत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत थांबतात. साथ सुरू होते तेव्हा नमुने कमी असतात, म्हणजे जेव्हा घाई हवी नेमका तेव्हाच उशीर होतो.

दुसरं कारण पत्त्याचं. नौपाड्यातल्या लॅबकडे दिवा, भिवंडी, डोंबिवलीचेही नमुने येतात आणि केस धरली जाते राहत्या पत्त्यावर. तिसरं कारण तापाचा दिवस. एनएस1 पाचव्या दिवसानंतर बऱ्याचदा निगेटिव्ह येते. उलट आयजीएम दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, म्हणजे सप्टेंबरमधला ताप भलत्याच कशाचा आणि आयजीएम जुलैच्या डेंग्यूचं, असंही होतं. म्हणून लॅबवाल्याला नुसतं 'किती' विचारू नका. कार्ड की एलायझा, तापाचा कितवा दिवस, पत्ता कुठला, पुढे सरकारी प्रयोगशाळेत नमुना पाठवला का आणि कोणत्या तारखेला, हे सगळं विचारा. पाठवल्याची तारीख आणि निकालाची तारीख शेजारीशेजारी मांडली की पालिकेनं खरंच ढिलाई केली का, ते कागदावर दिसतं. लपवाछपवी होत नाही असं माझं म्हणणं नाही. ती सिद्ध करायची ती अशी.

प्लेटलेटच्या बातम्यांनी तर नुकसानच होतं. प्लेटलेट पन्नास हजारांवर आल्या की नातेवाईक रक्तपेढ्यांकडे धावतात. रक्तस्राव नसेल तर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत प्लेटलेट देण्याची पातळी दहा हजारांच्या खाली आहे. खरा धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वीस टक्क्यांनी चढतं. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, लघवी कमी होणं, ग्लानी ही लक्षणं मथळ्यापाशी छापा. डेस्क म्हणेल वाचकाला एवढं कळत नाही. ज्याच्या घरात ताप आहे त्याला सगळं कळतं.

एकूण आकडा छापताना लोकसंख्येनं भागायला विसरू नका. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहर 18.4 लाख होतं, नवी मुंबई 11.2 लाख. दोन्हीकडे शंभर-शंभर केस असल्या तरी दर लाखामागे ठाण्यात साडेपाचच्या आत येतात आणि नवी मुंबईत नऊ. शिवाय घोडबंदर रोडला त्यानंतर केवढे टॉवर उभे राहिले, म्हणजे भाजकही जुनाच. हे वाक्य बातमीत असायलाच हवं.

डेंग्यूच कशाला, उन्हाच्या बातमीतही नुसत्या आकड्यानं असाच घोळ होतो. खारघरला 16 एप्रिल 2023 च्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हानं 14 जण गेले. बातम्यांत तापमान होतं सुमारे 38 अंश, आणि लोक विचारत राहिले की 38 मध्ये कुणी मरतं का. वेधशाळेचा पारा सावलीतल्या पेटीतला असतो, माणसं तासन् तास उघड्यावर होती. त्यात किनाऱ्यावरची दमट हवा, घाम वाळत नाही. किनारपट्टीवर 37 अंशांपासूनच, सरासरीहून साडेचार अंश जास्त असेल तर, उष्णतेची लाट धरतात. एवढं तरी त्याच दिवशी छापायला हवं होतं.

आता कोर्स. मायक्रोबायोलॉजी आहे ना? मग पत्रकारितेची साधी पदविका चालेल, वर साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्राची प्राथमिक पुस्तकं स्वतः वाचा. एकच विषय धरून तीन-चार वर्षं तरी लिहा. पुरस्कारांसाठी बहुधा ठरावीक कालावधीतलं छापून आलेलं काम मागतात, मराठी मजकुराला अनेकदा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. म्हणून तारीख आणि नाव दिसेल अशी पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवा, सोबत मूळ कागदांची फाइल. पैसे मात्र सुरुवातीला फार कमी मिळतात, ते घरी आधी सांगा.

माहिती अधिकार पहिल्या महिन्यातच शिका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'डेंग्यूची माहिती द्या' असं लिहिलंत तर काही हाती लागणार नाही. 'जुलै ते सप्टेंबर, प्रभागनिहाय, संशयित नमुने किती, पाठवल्याची तारीख, निकालाची तारीख, नावं वगळून' असं लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, तेही फसलं तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे वेळ लागतो, म्हणून पावसाळ्याच्या बातमीचा अर्ज आदल्या हिवाळ्यातच टाकायचा.