पहिली जुनी रायफल घेताना

अमेरिकेत जुनी शिकाऊ रायफल शोधणाऱ्या नवशिक्याला मी विंचेस्टर मॉडेल ६७ सुचवेन. १९३४ ते १९६३ या काळात बनलेली ही .२२ बोअरची रायफल एका वेळी एकच गोळी घेते आणि बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, बंद केल्यावरही, त्याच्या मागची मूठ हाताने ओढल्याशिवाय ती डागायला सज्ज होत नाही. लहान मुलाला शिकवताना हा सावकाशपणाच मोलाचा ठरतो. देशांतर्गत विक्रीच्या या रायफलींवर सहसा अनुक्रमांक नसतो, तेव्हा तो खोडला असावा अशी शंका घेऊ नका.

घेण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा आणि नळीतून उजेडाकडे पाहा. आत एखादे काळे कडे दिसले, तर नळी तिथे फुगलेली असण्याचा संभव आहे. अशी रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेच्या, तोंडाशी, रिकाम्या चेंबरवर चाप ओढल्याने पडलेली खाच आहे का, तेही नखाने चाचपा.

घरी आणल्यावर सँडपेपरला हातसुद्धा लावू नका. गंजावर तेल टाकून एक दिवस मुरू द्या, मग अगदी बारीक, चार शून्य क्रमांकाच्या स्टील वूलने (पोलादाच्या बारीक तंतूंच्या बोळ्याने) हलकेच घासा, म्हणजे तांबूस गंज निघतो आणि खालचा निळसर काळा मुलामा बराचसा टिकतो. अक्रोडाच्या दस्त्यावरचे चेपलेले भाग ओले फडके ठेवून गरम इस्त्रीने वर येतात. पहिली गोळी झाडण्याआधी मात्र जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासणी करून घ्याच.