कागद तुमचा, शब्द त्याचे

"ताई, मी ६१ वर्षांची आहे, बँकेतून रिटायर झाले, लग्न केलं नाही. १९८५ ते ८९ मी सांगलीत एका माणसाबरोबर होते, तो कॉलेजात शिकवायचा आणि हौशी नाटकं बसवायचा. त्याच्या घरी मी जातीमुळे चालले नाही, आईपुढे त्याने मान तुकवली आणि दुसरीकडे लग्न केलं. पत्रं मात्र १९९६ पर्यंत येत राहिली. दोन वर्षांपूर्वी तो गेला, मला ते पेपरातल्या निधनवार्तेतून कळलं. त्या रात्री लिहायला बसले ती थांबलेच नाही, २१२ पानं झाली. एका प्रकाशकांना आवडलंय, त्यांना त्याची ४३ पत्रंही जशीच्या तशी छापायचीत. त्याची बायको आहे, एक मुलगी आहे. भाऊ म्हणतो मेलेल्या माणसाची लक्तरं वेशीवर टांगू नकोस. मैत्रीण म्हणते तो गेलाय, आता कुणाला घाबरतेस. मी काय करू? नाव बदललं तर चालेल का?"

(त्यांना फोन करून विचारून गाव, सालं, आकडे सगळं बदललंय. सांगली मी घातलंय. खरं गाव दुसरंच आहे पण तेही तितकंच नाटकवेडं.)

ताई, वयाने तुम्ही माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठ्या निघाल, पण तुम्ही मला ताई म्हणालात तर मीही तुम्हाला ताईच म्हणते, फिट्टंफाट.

पाकिटातली वीस पानं मी दोनदा वाचली. लिखाण चांगलं आहे हे आधी सांगते कारण ते तुम्ही विचारलंच नाहीये, आणि बायका हे विचारतच नाहीत, डायरेक्ट "छापू का नको" वर येतात. मिरजेच्या दवाखान्याचं पान वाचून मी उठून गच्चीत जाऊन आले. "चहा घेऊन येतो" म्हणून तो सकाळी जो गेला तो संध्याकाळी साडेसहाला आला, आणि मधल्या वेळात तुम्ही, नुकत्याच त्या सगळ्यातून बाहेर आलेल्या, बाकावर बसून एका अनोळखी बाईचं झबल्यातलं बाळ धरून होतात कारण तिला औषधाच्या लायनीत जायचं होतं. आणि तो आला तेव्हा हातात चहा नव्हताच. यावर तुम्ही एक शब्द जास्तीचा लिहिलेला नाही. हे पान इथे सांगायला तुम्ही फोनवर हो म्हणालात म्हणून सांगतेय, नाहीतर सांगितलं नसतं.

आता तुमचा भाऊ आणि तुमची मैत्रीण. दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं वाटतं पण दोघंही बोलतायत त्या गेलेल्या माणसाबद्दलच, आणि खरं सांगू का, त्याची काळजी यात सगळ्यात कमी करावी लागणार आहे. त्याला आता लाज वाटणार नाहीये, कॉलेजातून बोलावणं येणार नाहीये, आई ओरडणार नाहीये. कोर्टंसुद्धा साधारण हेच म्हणतात, जयललितांवरच्या सिनेमाविरुद्ध त्यांची भाची कोर्टात गेली तेव्हा २०२१ साली मद्रास हायकोर्टाने सांगितलं की माणसाची प्रायव्हसी माणसाबरोबर संपते, ती वारसांना मिळत नाही. पण वारसांना दुसरं बरंच काही मिळतं, आणि तिथे तुमचे प्रकाशक तुम्हाला गोत्यात आणतायत.

ती ४३ पत्रं तुमची नाहीत. म्हणजे कागद तुमचा आहे, बॅगेत ठेवा, उशाशी ठेवा, जाळा, कुणी विचारणार नाही. पण त्यावरचे शब्द त्याचे. १९५७ चा कॉपीराइटचा कायदा पत्रालाही लागू होतो, पत्र लिहिणाऱ्याचा हक्क पत्र पोस्टात टाकल्याने संपत नाही, आणि त्याने मृत्युपत्रात वेगळं काही लिहून ठेवलं नसेल तर तो गेल्यावर हक्क जातो बायको-मुलीकडे. म्हणजे त्याने तुम्हाला लिहिलेली प्रेमपत्रं छापायला तुम्हाला त्याच्या बायकोची आणि मुलीची लेखी परवानगी हवी. हसू नका, मीही आधी हसले होते. आपल्याकडे प्रेमपत्रांचं पुस्तक म्हटलं की सगळे कवी अनिल आणि कुसुमावतींचं 'कुसुमानिल' काढून दाखवतात, ते कुसुमावती गेल्यानंतर आलं हे खरंच, पण तिथे छापणारा नवरा होता, अर्धी पत्रं त्याचीच होती, आणि त्या नात्याबद्दल कळून कुणाच्या घरात ताट आपटलं जाणार नव्हतं. तुमचं तसं नाही.

पत्रात काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगायला मात्र हरकत नसते, कॉपीराइट शब्दरचनेवर असतो, घडलेल्या गोष्टीवर नसतो. आणि मला विचाराल तर पुस्तक त्यानेच सुधारेल. तुम्ही पाठवलेली त्याची तीन पत्रं वाचली, माणूस बोलायला गोड असेल पण लिहायला अलंकारिक आहे, चांदणं फार सांडतं. तुमच्या कोरड्या गद्याशेजारी ते छापलं तर त्याचंच हसं होईल.

दुसरं म्हणजे बदनामी. मेलेल्याची बदनामी होत नाही असं लोक छातीठोक सांगतात, ते चूक आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे, की जिवंत असता तर ज्याने माणसाची अब्रू गेली असती असं काही लिहिलं आणि त्यामागे घरच्यांच्या भावना दुखवायचा हेतू असेल, तर तो गुन्हा होऊ शकतो. हेतू पाहिजे, नुसतं वाईट वाटणं पुरत नाही. पण "मी खरंच लिहिलंय" एवढं म्हणूनही सुटका नसते, फौजदारीत खऱ्यासोबत लोकहितही दाखवावं लागतं. मी वकील नाही, मसुदा एका वकिलाला पैसे देऊन वाचून घ्या, भाच्याला फुकट वाचायला देऊ नका. आणि प्रकाशकाच्या करारात एक कलम असतं, मजकुरावरून काही कोर्टकचेरी झाली तर जबाबदारी लेखकाची, खर्चही लेखकाचा, ते कलम शोधा. पत्रं त्यांना हवीत आणि नोटीस तुमच्या दारात, असा तो हिशोब असतो.

कायदा झाला. पण तुमचं पत्र वाचून मला नाही वाटत तुमची झोप कायद्याने उडालीये.

दोन पेन्सिली घ्या, एक निळी एक लाल. २१२ पानं पहिल्यापासून वाचा आणि जे तुम्ही त्याच्या तोंडावर बोलला असतात, तो समोर खुर्चीत बसलाय असं समजून, त्याला निळी रेघ मारा. जे केवळ तो गेला म्हणून लिहिता आलं त्याला लाल. लाल म्हणजे काढून टाका असं नाही हं, दवाखान्याचं पान लालच निघेल कारण पस्तीस वर्षांत तुम्ही त्याला ते कधी ऐकवलं नाहीत. लाल दिसलं की फक्त थांबायचं आणि बघायचं की हे नक्की कुणाचं आहे. दवाखान्याचं पान तुमचं आहे. शरीर तुमचं, बाक तुमचा, साडेसहा वाजेपर्यंतचा वेळ तुमचा. ते काढा असं कुणी म्हणालं, भाऊ म्हणाला, प्रकाशक म्हणाले, अगदी त्याची बायको म्हणाली तरी काढू नका. ते काढलं तर मग उरतं काय, कृष्णेच्या घाटावर दोघं बसलेत एवढंच.

आणि आता ते दुसरं लाल पान, त्याचं १९९४ चं इनलँड पत्र. तुम्ही ते ओरिजिनलच पाठवलंय, झेरॉक्स नाही, माझा हातच थरथरला उघडताना. निळा कागद घड्यांवर पांढरा झालाय, जागा संपली म्हणून चिकटवायच्या पट्टीवरही लिहिलंय त्याने, आणि तेव्हा तुम्ही घाईत फाडलंत त्यात दोन शब्द अर्धेच राहिलेत. तिथेच शेवटी त्याने बायकोबद्दल एक ओळ लिहिलीये. मसुद्यात तुम्ही ती ओळ जशीच्या तशी घेतलीये आणि खाली काही न लिहिता प्रकरण संपवलंय. लेखिका म्हणून बरोबर केलंत, फार परिणाम होतो. मी ती ओळ इथे लिहीत नाहीये, का ते तुम्हाला कळलंच असेल. तेव्हा त्यांची मुलगी दोन वर्षांची होती, तो हे लिहीत असताना ती बाई बहुतेक आतल्या खोलीत पोरीला थोपटत असेल. नवऱ्याने दुसऱ्या बाईला खूश करायला लिहिलेली ओळ आहे ती, तुम्हाला खरी वाटली कारण तुम्हाला ती हवी होती, मलाही त्या वयात खरी वाटली असती. ते पान तिचं आहे. ते जाऊ दे.

मारकुटा माणूस असता तर माझं उत्तर उलटं असतं हेही लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणीतरी हेच उत्तर एखाद्या बाईला गप्प करायला वापरेल. काही माणसं मेल्याशिवाय बायकांची तोंडं उघडत नाहीत आणि उघडली तर सगळं बोलू द्यावं. पण तुमचा हा माणूस खलनायक नव्हता ताई, पळपुटा होता. पळपुट्या माणसाबद्दल लिहिणं जास्त अवघड आहे कारण रागही पुरा येत नाही.

बंगाली लेखिका मैत्रेयी देवींची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मिर्चा एलियाद नावाचा रुमानियन तरुण कलकत्त्यात त्यांच्या वडिलांकडे शिकायला होता, घरातच राहायचा, प्रेम जमलं, वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं. परत जाऊन त्याने १९३३ साली कादंबरी लिहिली, नायिकेचं नाव सरळ मैत्रेयीच ठेवलं आणि ती रात्री त्याच्या खोलीत येते असंही रंगवलं. त्यात काय लिहिलंय ते नीट कळायला त्यांना जवळपास चाळीस वर्षं लागली. तोवर त्या संसारी बाई, नातवंडांची आजी. त्यांनी १९७४ साली बंगालीत 'न हन्यते' लिहून उत्तर दिलं, की प्रेम होतं पण ते रात्रीचं खोटं आहे. आणि मी जिवंत असेपर्यंत इंग्रजी भाषांतर येऊ द्यायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, ते त्याने पाळलं. मला यात नेहमी हेच दिसतं की चाळीस वर्षांनी का होईना, त्या बाईला उत्तर देता आलं. तुमच्या माणसाला देता येणार नाही, म्हणून त्याच्या वतीचं थोडं तुम्हालाच लिहावं लागेल. चहा आणायला गेलेला माणूस दिवसभर कुठे होता? तुम्हाला माहीत नाही, ठीक आहे, तसं लिहा की माहीत नाही, विचारलं नाही, का विचारलं नाही. ते पान मसुद्यात नाहीये आणि मी वाचताना सारखी तेच शोधत होते.

नाव बदलण्याचं लगेच सांगते. बदला, पण त्यावर विसंबू नका. तुमच्या गावात कॉलेजात शिकवणारे आणि स्पर्धेला नाटक नेणारे असे कितीसे होते, पाचव्या पानावर सगळ्यांना कळेल.

राहता राहिली त्याची बायको. पत्रं छापायची नाहीत, तेव्हा परवानगी मागू नका. तुमच्या आयुष्यातल्या चार वर्षांवर त्यांची सही लागत नाही, आणि परवानगी मागणं म्हणजे नाही म्हणायचं ओझंही त्यांच्यावरच टाकणं. पण सांगा, आधी सांगा. माझे मिस्टर गेल्यावर वर्षभराने त्यांच्या एका कॉलेजच्या मैत्रिणीने दिवाळी अंकात त्यांच्यावर लेख लिहिला, त्यात गैर असं काहीच नव्हतं, प्रेमप्रकरणही नव्हतं, एवढंच होतं की ते परीक्षेच्या आधी घाबरून ओकायचे आणि ही बाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. आणि कळलं कसं, तर शेजारच्या काकू अंक घेऊन आल्या, पानात बोट घालून, "वाचलंत का?" मला त्या लेखाचा राग नाही आला, त्या बोटाचा आला. आजही येतो.

तर त्यांच्यापर्यंत ते बोट पोचायच्या आधी तुम्ही पोचा. फोन नको, फोनवर माणसाला लगेच काहीतरी बोलावं लागतं. पत्र लिहा, एक पानी. मी कोण, मी पुस्तक लिहिलंय, त्यात १९८५ ते ८९ आहे, तुमच्या लग्नानंतरचं तुमच्याबद्दल काही नाही (आणि हे खरं असू दे, म्हणून ते इनलँड काढायचं), हवं असेल तर छापायच्या आधी वाचायला पाठवते. माफी मागू नका, नवऱ्याचं कौतुकही करू नका. मुलीला परस्पर इन्स्टावर मेसेज तर अजिबात नको.

आणि पत्र लिहिण्याआधी एका गोष्टीचा विचार करून ठेवा, तुम्ही कुठेच तो केलेला दिसला नाही. त्याची ४३ पत्रं तुमच्याकडे आहेत. मग तुम्ही त्याला लिहिलेली कुठे आहेत? तुम्हीच लिहिलंय की तो तिकिटाचं अर्धुकही टाकायचा नाही. ती त्याच घरात असणार, एखाद्या फायलीत, नाटकांच्या संहितांच्या गठ्ठ्यात, आणि माणूस गेल्यावर कपाटं कोण आवरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे तिकडे कागद त्यांचा आणि शब्द तुमचे. कदाचित दोन वर्षांपूर्वीच वाचून झालं असेल सगळं, कदाचित तीस वर्षांपूर्वी. तुम्ही ज्यांना बातमी द्यायला जाताय त्या कदाचित तुमचं अक्षर पाकिटावरूनच ओळखतील. तसं झालं तर त्यांनी उत्तर दिलं तर वाचा, नाही दिलं तर महिनाभर थांबा आणि मग प्रकाशकांना फोन करा.

इनलँड मी जाड पुठ्ठ्यात घालून आज स्पीड पोस्टाने परत पाठवतेय, घडी होती तशीच ठेवलीये. मिळालं की मेसेज टाका.