मुलाला बी-५२ च्या सिम्युलेटरवर शिकवायचंय

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा इथेच जन्मलेला, अमेरिकन नागरिक, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बार्क्सडेलच्या हवाई तळावर बी-५२ बॉम्बरच्या क्रूला वर्गात आणि सिम्युलेटरवर शिकवायला एका कंत्राटदार कंपनीला माणसं हवीत, अशी जाहिरात त्याने पाहिली. ‘डिग्री झाली की अर्ज करतो’ म्हणतो. कंत्राटी काम म्हणून ह्यांना पसंत नाही. पुण्यातला भाचाही याबद्दल विचारतोय. काय सांगू? – एक आई

नमस्कार ताई,

मुलाला ती जाहिरात पुन्हा वाचायला सांगा, पण या वेळी पात्रतेच्या रकान्यापासून. अशा पदांना बहुधा बी-५२ वर उडालेला आणि इन्स्ट्रक्टर म्हणून पात्र ठरलेला माजी क्रू मेंबर लागतो. हवाई दलात दहा-पंधरा वर्षं काढल्यावर मिळणारी ती खुर्ची आहे.

बी-५२एच मध्ये पाच जण असतात: दोन पायलट, रडार नॅव्हिगेटर, नॅव्हिगेटर आणि इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर ऑफिसर. नव्या क्रूला लुइझियानात बार्क्सडेलला ११ व्या बॉम्ब स्क्वाड्रनमध्ये तयार करतात. वर्गातले तास, कॉम्प्युटरवरचे धडे आणि सिम्युलेटर यांचा मोठा भाग कंत्राटदाराकडे असतो. प्रत्यक्ष विमानातलं शिक्षण आणि चेकराइड (उड्डाणाची परीक्षा) मात्र गणवेशातल्या इन्स्ट्रक्टरकडेच.

अनुभवाची अट का, ते एका उदाहरणातून कळेल. या विमानाला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग, नाहीत. बाजूला कलण्यासाठी पंखावरचे स्पॉयलर (वर उघडणाऱ्या पट्ट्या) उचलले जातात, आणि ते उचलले की नाकही वर जाऊ पाहतं. हवेतच इंधन देणाऱ्या केसी-१३५ टँकर विमानाच्या मागे इंधन घेताना हीच गोष्ट नडते. जरा उजवीकडे सरकायला योक (पायलटच्या हातातलं सुकाणू) फिरवला की विमान वर चढतं. नवा पायलट ते दाबतो, जास्त दाबलं जातं म्हणून पुन्हा ओढतो, आणि प्रत्येक फेरीला हेलकावा वाढत जातो. हा हेलकावा कुठे सुरू झाला ते ओळखून तिथेच सिम्युलेटर फ्रीझ करायचा आणि ‘आधी काय केलंस?’ विचारायचं, हे पुस्तक वाचून जमत नाही. नवशिक्या इन्स्ट्रक्टरची नेहमीची चूक उलटी असते. तो इन्स्ट्रक्टर स्टेशनवरून एकामागून एक बिघाड टाकत सुटतो. विद्यार्थी गांगरतो आणि मूळ धडा बाजूलाच राहतो.

मुलाला खरंच हीच खुर्ची हवी असेल, तर कॉलेजच्या एअर फोर्स आरओटीसीच्या (शिकता शिकता हवाई दलाचा अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाच्या) कार्यालयात याच सेमिस्टरला जाऊन यावं. उशीर झाला तर डिग्रीनंतर ऑफिसर ट्रेनिंग स्कूल आहे. पायलट झाला तर विंग्ज (पायलटचा बिल्ला) मिळाल्यापासून दहा वर्षांची बांधिलकी. नॅव्हिगेटरच्या बाजूचं प्रशिक्षण फ्लोरिडात पेन्साकोलाला होतं आणि बांधिलकी सहा वर्षांची. त्याआधी डोळ्यांची आणि रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या, कित्येकांचा रस्ता तिथेच बदलतो.

मला विचाराल तर त्याच्या डिग्रीला सिम्युलेटरच्या मागची खोली जास्त शोभेल. मघाचं ते नाक वर जाणं सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअर मॉडेलमध्ये नीट उतरलं नाही, किंवा योक फिरवल्यावर पडद्यावरचं चित्र उशिरा हललं, तर विद्यार्थी चुकीची सवय पक्की करून विमानात चढतो. याला निगेटिव्ह ट्रेनिंग म्हणतात, आणि न शिकवण्यापेक्षा ते वाईट. हे सांभाळणाऱ्या इंजिनिअरला उड्डाणाचा अनुभव लागत नाही. लागतं ते सी++, लिनक्स, रिअल-टाइम प्रोग्रॅमिंग, फ्लाइट डायनॅमिक्सचा एखादा विषय, आणि सिम्युलेटर एकमेकांना जोडणाऱ्या डीआयएस व एचएलए या मानकांची ओळख.

कामही पुष्कळ येणार आहे. बी-५२ ची आठही जुनी टीएफ३३ इंजिनं काढून रोल्स-रॉइसची एफ१३० बसणार आहेत, रडारही नवं येतंय. बदललेलं विमान बी-५२जे म्हणवेल. जुनी आणि नवी विमानं काही काळ सोबतच उडतील, म्हणजे धडे आणि सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारचं सांभाळावं लागेल.

या सुट्टीत त्याने जेएसबीसिम हे मोफत फ्लाइट मॉडेल घेऊन एक प्रोजेक्ट करावा: जॉयस्टिक हलवल्यापासून पडद्यावर फरक दिसेपर्यंत किती मिलिसेकंद जातात ते मोजायचं, आणि उशीर कुठे होतो ते शोधायचं. मुलाखतीत ही एक फाइल चार सर्टिफिकेटांना भारी पडते. इंटर्नशिपसाठी ओरलँडो आणि ओहायोतलं डेटन ही दोन शहरं बघा.

कंत्राटाबद्दल तुमच्या ह्यांची शंका रास्त आहे. करार ठरावीक वर्षांचा असतो, पुढच्या वेळी दुसरी कंपनी जिंकू शकते. बहुतेकदा नवी कंपनी तीच माणसं घेते, कारण तशी माणसं बाजारात थोडी असतात. पण पगार आणि रजा नव्याने ठरू शकतात. ऑफर हातात आली की चालू करार कधी संपतो, हे त्याने आधी विचारावं.

भाच्याला मात्र स्पष्ट सांगा की हे त्याच्यासाठी नाही. तांत्रिक माहितीवर अमेरिकेचे निर्यात-निर्बंध आहेत आणि सिक्युरिटी क्लिअरन्सला (गोपनीय माहिती हाताळायच्या सरकारी परवानगीला) तिथलं नागरिकत्व लागतं. त्याने भारतातली सिम्युलेटरची कामं बघावीत. नौदलाच्या पी-८आय विमानांच्या क्रूसाठी बोइंगने तमिळनाडूत आयएनएस राजालीवर प्रशिक्षण केंद्र उभारलं आहे. ही विमानं गोव्यात आयएनएस हंसावरही आहेत.

क्लिअरन्सचं तुमच्या घरीही बघावं लागेल. मुलाला स्वतःहून अर्ज करता येत नाही, कंपनीला प्रायोजक व्हावं लागतं. तेव्हा एसएफ-८६ हा लांबलचक फॉर्म येतो. त्यात गेल्या सात वर्षांतले परदेश प्रवास आणि भारतातल्या ज्या नातेवाइकांशी जवळचा संबंध आहे, त्यांची माहिती विचारतात. तिकडचं बँक खातंही दाखवावं लागतं. आजोबांनी गावच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव लावलं असेल तर तेही लिहायचं. नातेवाईक भारतात आहेत एवढ्यावरून कोणी बाद होत नाही, पण लपवलेलं सापडलं तर अवघड होतं. गांजा एखाद्या राज्यात कायदेशीर असला, तरी केंद्राच्या लेखी नाही, हे त्याला आजच बजावा. आणि जुने पासपोर्ट रद्दीत टाकू नका, तारखा त्यातूनच काढाव्या लागतील.