वाचकांचे प्रश्न : कार्यालयाचे इंट्रानेट लोकांच्या कामी कसे येईल?

प्रश्न : बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात साधारण ४०० माणसे तीन पाळ्यांत काम करतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही अंतर्गत संकेतस्थळ, म्हणजे इंट्रानेट, सुरू केले. त्यावर रजेचा अर्ज, पाळीचा अहवाल, परिपत्रके आणि गटचर्चा अशी सर्व सोय आहे. दोन वेळा प्रशिक्षण दिले, वापर सक्तीचा असल्याचे पत्रकही काढले, तरी सगळा व्यवहार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच चालतो. आता अधिक चांगले सॉफ्टवेअर विकत घ्यावे, असे व्यवस्थापनाचे मत आहे. निवड करताना काय पाहावे?
— प्रशासन विभागातील एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : नवीन सॉफ्टवेअरची खरेदी आपण थोडी पुढे ढकलावी, अशी माझी पहिली विनंती आहे. आपल्या पत्रात सोयींची यादी आहे, परंतु त्या सोयींतून पाळीवरच्या माणसाच्या पदरात काय पडते, याचा उल्लेख कोठेच नाही. जोनाथन ग्रुडिन या संशोधकाने १९८८ मध्ये, अनेकांनी मिळून वापरायची सॉफ्टवेअर का फसतात याचा विचार मांडला. त्याने सांगितलेल्या कारणांपैकी एक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे श्रम एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा. त्याचे उदाहरण सभेची वेळ आपोआप ठरवणाऱ्या सोयीचे होते. ती सोय चालावी म्हणून प्रत्येकाने आपली दैनंदिनी संगणकावर भरत राहायची, आणि फायदा मात्र मुख्यतः सभा बोलावणाऱ्याचा.

आपल्या पाळीच्या अहवालाकडे याच नजरेने पाहावे. पाळीप्रमुख यंत्रापाशी उभे राहून वहीत उत्पादन, यंत्र बंद राहिल्याचा वेळ आणि बिघाड लिहितो. तीच माहिती पाळी संपल्यावर, घरी नेणारी बस गेटवर उभी असताना, त्याला संगणकावर पुन्हा भरावी लागत असेल आणि तिचा उपयोग केवळ मुख्य कार्यालयाच्या तक्त्यासाठी होत असेल, तर तो ते काम टाळणारच. त्यात त्याचा आळस नाही आणि प्रशिक्षणाची उणीवही नाही. याउलट त्याच नोंदीतून पुढच्या पाळीच्या प्रमुखाला ‘तिसऱ्या यंत्राचे बेअरिंग तापत आहे’ ही सूचना आपोआप मिळाली, देखभाल विभागाला वेगळा फोन करावा लागला नाही आणि वही कायमची बंद झाली, तर तोच अहवाल तो आपण न सांगता भरील. वही बंद करण्याची व्यवस्थापनाची तयारी नसेल, तर दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर आणू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

लोक व्हॉट्सॲपकडे का वळतात, हे दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून पाहावे. ते खिशातल्या फोनवर उघडते, दर वेळी पासवर्ड मागत नाही, मोडलेल्या भागाचा फोटो लगेच पाठवता येतो, ज्याला टंकता येत नाही तो बोलून निरोप देतो, आणि उत्तर बहुधा काही मिनिटांत मिळते. त्याच्या उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. नोकरी सोडून गेलेला माणूस ग्रुपमध्ये राहून जातो, ड्रॉइंगची जुनी आवृत्ती फिरत राहते, आणि मार्चमध्ये ठरलेली गोष्ट जूनमध्ये कोणालाही सापडत नाही. आपल्या संकेतस्थळाने या उणिवा भरून काढाव्यात. क्षणोक्षणीचे बोलणे तेथे ओढून आणण्याचा खटाटोप करू नये.

मुखपृष्ठाविषयी थोडे विस्ताराने लिहिते. नागपुरातील एका संस्थेचे इंट्रानेट पाहण्यासाठी मी गेले होते, तेव्हा पडद्याचा वरचा अर्धा भाग समारंभांच्या फिरत्या छायाचित्रांनी व्यापलेला होता आणि बसचे वेळापत्रक ‘सामान्य प्रशासन’ या विभागात चार पायऱ्या खाली, स्कॅन केलेल्या कागदाच्या रूपात ठेवलेले होते. शहरातील मानेवाडा किंवा सदर या भागांतून रोज बस पकडणाऱ्या माणसाला त्या पानावर पुन्हा येण्याचे कारणच उरले नव्हते. बसची वेळ, आठवड्याच्या पाळ्यांची यादी आणि शिल्लक रजा या तीन गोष्टी आपण सर्वांत वर आणून पाहाव्यात. माणूस या तीन गोष्टींसाठी येऊ लागला, की परिपत्रकही वाचतो.

मेनूतील शब्द हा दुसरा मोठा अडथळा असतो. बहुतेक इंट्रानेट विभागांच्या रचनेप्रमाणे मांडलेले असतात, आणि हेल्मेट बदलून मिळण्याचा अर्ज भांडाराकडे आहे की सुरक्षा विभागाकडे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. यावर उपाय स्वस्त आहे. लोक ज्या गोष्टी शोधतात अशा ४० ते ५० गोष्टी एकेका चिठ्ठीवर लिहाव्यात, वेगवेगळ्या कामांतील १५ जणांना एकेक करून बोलवावे, चिठ्ठ्यांचे ढीग लावण्यास सांगावे आणि प्रत्येक ढिगाला त्यांनीच नाव द्यावे. ‘मनुष्यबळ विकास’ असे नाव त्यांच्या तोंडून क्वचितच येईल; ‘माझी रजा’, ‘माझा पगार’, ‘काही बिघडले तर’ अशी नावे येतील, आणि तीच मेनूत ठेवावीत. नंतर ती नावे कागदावर लिहून दुसऱ्या काही जणांना विचारावे की अमुक गोष्ट तुम्ही कोठे शोधाल. पडद्याची रंगसंगती ठरवण्यापूर्वीच रचनेतील चुका यातून कळतात.

तयार झालेले पान तपासण्यासाठीही मोठा खर्च लागत नाही. याकोब नील्सन आणि टॉम लँडाउअर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात आणि पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के. मात्र आपल्याकडे यंत्रावरचा कामगार आणि लेखा विभागातील कर्मचारी हे दोन अगदी वेगळे गट असल्याने दोन्हींतून माणसे घ्यावीत, आणि एकदाच मोठी चाचणी करण्याऐवजी पाच जणांनंतर दुरुस्ती करून पुन्हा पाच जण बोलवावेत. सांगताना ‘रजेच्या मेनूत जा’ असे म्हणू नये. ‘परवा पुतणीचे लग्न आहे, तुम्हाला सुटी हवी आहे’ एवढेच सांगून गप्प राहावे. चुकणाऱ्या माणसाला मदत न करता शेजारी बसून राहणे फार अवघड जाते, परंतु तो जेथे थबकतो तेथेच आपल्या पानातील दोष असतो.

एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण ती विचारात घ्यावी. यंत्रावरच्या माणसाला टेबल नसते. त्याच्यासाठी संकेतस्थळ म्हणजे फोनचा पडदा, तोही मे महिन्यात, जेव्हा नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो आणि गेटच्या उन्हात फिकट राखाडी अक्षरे दिसेनाशी होतात. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ ठेवावे, असे सांगितले आहे. २०२३ च्या आवृत्तीत बोटाने दाबायच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल दिला आहे. तेलकट बोटांसाठी मी याच्या दुप्पट आकार ठेवीन.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या इंट्रानेटवर गेल्या १५ वर्षांची मराठी परिपत्रके आहेत, परंतु शोध घेतला तर काहीच मिळत नाही. सॉफ्टवेअर पुरवणारे म्हणतात की त्यांच्याकडे दोष नाही.
— एक वाचिका, महाल, नागपूर

उत्तर : पुरवठादाराचे म्हणणे अर्धे खरे असू शकते. जुनी परिपत्रके बहुधा अशा फॉन्टमध्ये टंकलेली असतील, ज्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. आपल्या डोळ्यांना तेथे ‘कर्ज’ दिसते, परंतु संगणकाला रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह दिसतो. असा मजकूर परिवर्तक सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावा लागेल. कागद स्कॅन करून ठेवले असतील, तर ते केवळ चित्र आहे; त्यातून अक्षरे ओळखून घ्यावी लागतील आणि व्याजदर, तारखा यांसारखे आकडे माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहावे लागतील.

उरलेली अर्धी जबाबदारी मात्र पुरवठादाराचीच आहे, आणि ती त्याने टाळू नये. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते एकच आहेत असे शिकवले नाही, तर एक सापडते आणि दुसरे हरवते. याहून खोल अडचण आपल्या व्याकरणात आहे. ‘रजा’ शोधणाऱ्याला ‘रजेचा’ आणि ‘रजेवर’ असलेली पानेही मिळाली पाहिजेत, आणि येथे शब्दाला नुसता प्रत्यय लागत नाही, तर सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. इंग्रजीसाठी बनवलेल्या शोधयंत्राला हे आपोआप कळत नाही. पुरवठादाराला विचारताना ‘मराठी चालते का’ असे न विचारता ‘ठेव’, ‘कर्ज’ आणि ‘रजा’ हे तीन शब्द त्याच्यासमोर टंकून ‘ठेवींवरील’, ‘कर्जाची’ आणि ‘रजेचा’ असलेली पाने येतात का, ते पाहावे.

लोक एकाच गोष्टीला अनेक नावे देतात, हेही ध्यानात ठेवावे. पगारपत्रक, वेतनचिठ्ठी, सॅलरी स्लिप हे सारे शब्द त्या एका पानाला सूचक शब्द म्हणून जोडावेत. कोणत्या शोधांना शून्य उत्तरे मिळाली याची यादी दर आठवड्याला काढावी. ते शब्द आपल्याच सहकाऱ्यांचे असतात, त्यामुळे पुढचे सूचक शब्द त्या यादीतूनच मिळतील.

प्रश्न : मिहानमधील आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत चर्चेच्या साधनावर दिवसभर सूचनांची घंटा वाजत असते. अमेरिकेतील ग्राहकांमुळे ती रात्रीही थांबत नाही. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : लोकांच्या सवयी सुधारण्याआधी त्या साधनाची मूळ मांडणी बदलावी. गटाच्या सर्व सूचना सुरुवातीपासूनच बंद असाव्यात आणि घंटा फक्त नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नासाठी वाजावी. घरी जाण्याच्या वेळेनंतर ती आपोआप शांत व्हावी आणि खरोखर तातडीच्या कामासाठी ठरलेल्या माणसाला फोन करण्याची एकच वाट उघडी राहावी. झालेला निर्णय चर्चेत पुरला जाऊ देऊ नये, तो त्याच दिवशी इंट्रानेटच्या पानावर लिहावा.

प्रश्न : इंट्रानेटवरील जुनी, चुकीची पाने कोणी काढायची?
— एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : ज्याचे नाव त्या पानाच्या तळाशी आहे, त्याने. म्हणून प्रत्येक पानावर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि पान शेवटी तपासल्याची तारीख असावी. सहा महिने तपासणी झाली नाही, तर त्या व्यक्तीला स्मरणपत्र जावे, आणि तरीही उत्तर आले नाही, तर ते पान शोधाच्या निकालांतून काढून ठेवावे. ती व्यक्ती बदली होऊन गेली असेल, तर तिचा पदभार स्वीकारणाऱ्याच्या यादीत ही पानेही कपाटाच्या किल्ल्यांबरोबर लिहिलेली असावीत.