“मॅडम, मुलाला कोणत्या गुळण्या देऊ?”

खरं तर हा प्रश्न दंतवैद्यांना विचारायचा. पण मुलांना कीड लागू नये म्हणून कोणता आयुर्वेदिक माऊथवॉश द्यावा, हे पालक मुलांची समुपदेशक असलेल्या मलाही इतक्यांदा विचारतात की आता मी त्यामागची भीती आधी ऐकते.

एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. “ब्रश हातात घेतला की तोंड घट्ट मिटून बसतो. रोज रडारड.” त्याच्या दोन दाढा किडल्या होत्या, त्या भरून झाल्या होत्या. तेव्हापासून घरात त्रिफळ्याचा काढा सुरू होता. काहीही खाल्लं की गुळणी, मग टॉर्च लावून तपासणी. काढ्याची छोटी बाटली तिच्या पर्समध्येही असायची. “केमिकल नाही हो यात, अगदी नैसर्गिक आहे,” ती पुन्हा पुन्हा सांगायची.

मुलगा दोन भेटींत फारसा बोललाच नाही. खेळताना हसू आलं की त्याचा तळहात पटकन तोंडावर जायचा. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “काय लपवतोस रे?”

“किडे.”

“कुठे आहेत?”

“तोंडात. काढ्यानं मरतच नाहीत. आईला लागतील, म्हणून मी तिला पापी देत नाही.”

आई शेजारीच बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “मला वाटलं, मोठा झाला म्हणून देत नाही.”

मी मध्ये बोलले नाही. तेवढा धीर धरला याचं मला आजही समाधान आहे, कारण पुढचं तिनं आपणहून सांगितलं. दाढा किडल्या तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणालं होतं, “आईचं लक्ष कुठे असतं?” त्या वाक्याला ती दिवसातून पाच वेळा काढ्यानं उत्तर देत होती. मुलाचं वागणं नात्यातून वाचावं, असं मी मानत आलेय. ज्याला आपण हट्ट म्हणतो, त्यात पुष्कळदा मूल घरातल्या कुणाची तरी काळजी वाहत असतं.

मुलाला मी सांगितलं की तोंडात शेकडो प्रकारचे जंतू सगळ्यांच्याच असतात, आईच्याही आणि माझ्याही. कित्येक उपयोगीच असतात. काहींना साखर मिळाली की ते आम्ल बनवतात आणि त्यानं दात पोखरला जातो. वळवळणारा किडा नसतोच. हे ऐकून त्यानं आईकडे पाहिलं, खरं आहे ना, अशा नजरेनं.

आईला बालदंतवैद्यांकडे पाठवलं. त्यांनी जे सांगितलं, ते मी आता सगळ्याच पालकांना सांगते. त्रिफळा, तुळस, ग्रीन टी यांच्या गुळण्यांनी मुलांच्या लाळेतले जंतू कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. पण ते बहुतेक अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत. दातावर चिकटून बसलेला थर गुळणीनं निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो. फ्लोराइडची टूथपेस्ट दिवसातून दोनदा वापरावी: 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे 6 वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मागच्या दाढा मोठ्यांनीच घासाव्यात. गोड किती खाल्लं याबरोबरच दिवसातून किती वेळा खाल्लं, यावरही लक्ष ठेवावं. 6 वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणताच माऊथवॉश देऊ नये, कारण ते गिळतं. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं धरून चालू नका. लवंगेचं तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते.

मी स्वतः तिला एकच काम दिलं होतं: टॉर्च बंद. रात्री मुलानं तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं, तिनं दोन मिनिटं दात घासायचे आणि त्या वेळात जंतूंचं नाव काढायचं नाही.

पुढच्या भेटीला त्याचा पुढचा एक दात पडला होता. ती खिडकी मला दाखवायला त्यानं दारातच आ वासला.