मोर केकाटतो का?

खानापूरकडची विचारणा आहे. मुलीने निबंधात 'ढग पाहून मोर केकाटू लागले' असं लिहिलं आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. केका म्हणजे मोराचाच आवाज, मग चुकलं कुठे?

शब्दाचं कूळ मुलीने बरोबर ओळखलंय, पण रेघही योग्यच आहे. 'केका वाणी मयूरस्य' असं अमरकोश सांगतो. त्यावरूनच मोराला केकी म्हणतात. केकाटणे त्याच गोतावळ्यातलं, गोंगाट-कलकलाटातला 'आट' घेतलेलं दिसतं. पण मराठीत त्याची पत घसरली. शेपटीवर पाय पडला की कुत्रं केकाटतं, वरातीतला कर्णा केकाटतो, वैतागलेली आई 'केकाटू नकोस' म्हणते. आवाज कर्कश आणि नकोसा, एवढाच अर्थ उरला. (पावसाच्या तोंडावर उसाच्या फडातून येणारी मोराची ओरड ऐकलेल्याला हे फारसं अन्यायाचं वाटणार नाही.)

काव्यात मात्र केकेचा मान मोठा. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात राजा दिलीप आणि राणी सुदक्षिणा वसिष्ठांच्या आश्रमाकडे निघतात; रथाची घरघर ऐकून मोर माना वर करतात आणि त्यांची केका षड्जाशी, म्हणजे 'सा' स्वराशी, जुळते, असं कालिदास म्हणतो. पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत (1729–1794) स्वतःला मयूर म्हणवत. त्यांनी देवाला घातलेल्या सादेचं नाव केकावली, म्हणजे केकांची रांग. तिथे 'केकाट' म्हणून बघा, सगळी भक्ती उडून जाते.

आपल्या मराठी-कन्नड सीमाभागात आणखी एक घोळ होतो. कन्नडात 'केके हाकु' म्हणजे आनंदाने आरोळी ठोकणे. मॅच जिंकल्यावर पोरं केके हाकतात. दोन्ही भाषा तोंडात असलेलं मूल हेच मराठीत 'पोरं केकाटली' असं आणतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी बदडलं त्यांना. तिथे 'आरोळी ठोकली' किंवा 'जल्लोष केला' म्हणावं.

निबंधातलं वाक्य 'ढग पाहून मोरांची केका सुरू झाली' असं करता येईल. साधं 'मोर ओरडू लागले' हेही चालेल. केका स्त्रीलिंगी, केकारव पुल्लिंगी. 'पक्ष्यांचा केकारव' हा बातम्यांतला लाडका प्रयोग टाळावा: केकारव फक्त मोराचा, बाकीच्यांना किलबिलाट, कोकिळेला कूजन. आणि केकाटणे अकर्मक आहे, म्हणून 'कुत्रं केकाटलं'. 'कुत्र्याने केकाटलं' नव्हे.