पहिला मोहोर खुडायचा असतो

नोकरी लागली नाही तोच एमबीए, जोडधंदा, घराचं कर्ज, सगळं यंदाच हवंय तुला. जरा दम धर. हापूसची कलमं लावताना दोन झाडांत 10 मीटर अंतर सोडतात. ती मोकळी जागा बघून नवख्याचा जीव तुटतो, पण दाटी केली की पुढे ऊन-वारा अडतो नि फळ घटतं. तोवर मधे भाजीपाला घेतात की! तसं एखादं छोटं काम खुशाल कर.

मोहोराचं मात्र नीट ऐक. कोवळ्या कलमालाही मोहोर येतो, आणि पहिली तीन-चार वर्षं तो खुडून टाकायचा असतो, म्हणजे जोर मुळांत आणि फांद्यांत जातो. हात धजत नाही, हे मान्य. तुला रात्री जागून करावी लागणारी फ्रीलान्स कामं हा तसलाच मोहोर. पैसे दिसतात, शिकणं थांबतं.

आणि कलमाच्या जोडाखालून फुटणारे धुमारे वेळच्या वेळी काढ. ते खालच्या रायवळाचे, म्हणजे ज्या गावठी आंब्याच्या रोपावर हापूस बांधलेला असतो त्याचे. दिसतात जोमदार, म्हणून कुणी हात लावत नाही, मग तेच कलमाला दाबतात. मित्रांचं बघून लावलेले क्लास हे तसलेच धुमारे, ते आधी मोज. त्यातले कुठले बंद करतोस ते रविवारपर्यंत कळव.